व्हेंचुराची लाट आणि पेढीचे परिमाण

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, लॉस एंजेलिसच्या वायव्येस सुमारे 100 किलोमीटरवर, व्हेंचुरा हे शहर डोंगर आणि प्रशांत महासागर यांच्यामधील अरुंद पट्टीत वसले आहे. 1782 मध्ये येथे स्थापन झालेल्या सान बुएनाव्हेंतुरा या स्पॅनिश मिशनवरून शहराला हे नाव मिळाले. त्याच्या कितीतरी आधीपासून येथे चुमाश लोकांची वस्ती होती. समोरच्या बेटांवर ते शंखांपासून मणी घडवीत आणि तेच मणी चलन म्हणून वापरीत. या किनाऱ्याला व्यापार नवा नाही.

आज हा किनारा ओळखला जातो तो सर्फिंगसाठी, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येण्याच्या खेळासाठी. व्हेंचुरा नदीने वाहून आणलेल्या गोट्यांचा थर तिच्या मुखाशी पसरला आहे. त्या उथळ तळावर लाट एकदम कोसळत नाही. ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमाने फुटत जाते. हिवाळ्यात उत्तर प्रशांत महासागरात उठलेल्या वादळांच्या लाटा हजारो किलोमीटरचा प्रवास करून येथे पोहोचतात.

किनाऱ्यावरून हा खेळ प्रथमच पाहणाऱ्यास एका गोष्टीचे नवल वाटते. लाटेवर उभे राहण्याचे क्षण फारच थोडे असतात. बहुतेक वेळ हातांनी पाणी कापीत आत जाण्यात आणि मग फळीवर बसून क्षितिजाकडे पाहण्यात जातो. लाटा गटागटाने येतात. त्यांतील पुष्कळशा खेळाडू मुद्दाम सोडून देतो. कुठलीही लाट धरण्यापूर्वी तो आपल्या बाहूंचे बळ, फळीची लांबी आणि खालच्या दगडांचे अंतर मनाशी जोखतो. लाट जिथे फुटू लागते त्या जागेच्या सर्वांत जवळ असलेल्याचा तिच्यावर पहिला हक्क असतो. मध्येच घुसणे हा मोठा असभ्यपणा मानला जातो. योग्य लाटेची वाट पाहणे, न झेपणारी सोडणे आणि दुसऱ्याची न हिरावणे, या खेळाचे निम्मे शास्त्र यातच आले.

याच लाटांच्या ओढीने 1966 मध्ये इव्हॉन शुइनार्ड हा तरुण गिर्यारोहक व्हेंचुरास आला. बंद पडलेल्या एका कत्तलखान्याची पत्र्याची बॉयलर-शेड त्याने भाड्याने घेतली आणि तेथे लोहारकामाची भट्टी मांडली. कडे चढताना खडकाच्या भेगांत ठोकायच्या पोलादी मेखा तो घडवीत असे. 1970 पर्यंत गिर्यारोहणाच्या अवजारांचा तो अमेरिकेतील सर्वांत मोठा पुरवठादार झाला. परंतु त्याच्या मेखा वारंवार ठोकून आणि उपटून कडे विद्रूप होत होते. धंद्याचा सुमारे 70 टक्के भाग मेखांचाच होता. तरीही तो माल हळूहळू बंद करण्याचे त्याने ठरवले आणि 1972 च्या सूचिपत्रात, हाताने बसवता व काढता येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पाचरांचा पुरस्कार केला. पृथ्वीकाय जीवांचा विचार करणाऱ्या वाचकास ही घटना परकी वाटणार नाही. काही महिन्यांतच मेखांची विक्री ओसरली आणि पाचरांची मागणी पुरवणे कठीण झाले.

1973 मध्ये त्याने कपड्यांच्या व्यवसायासाठी ‘पॅटागोनिया’ हे नाव घेतले. लाटा चांगल्या असतील तेव्हा कर्मचाऱ्यांनी कामाच्या वेळा जुळवून खुशाल समुद्रावर जावे, ही येथील रीत प्रसिद्ध आहे. काम पुरे झाले पाहिजे, एवढीच अट.

मात्र लाट ओळखणाऱ्या या माणसाचाही एकदा तोल गेला. 1980 च्या दशकात विक्री झपाट्याने वाढत होती. ही वाढ अशीच चालू राहील असे गृहीत धरून माल भरला गेला, माणसे नेमली गेली. 1991 मध्ये मंदी आली. विक्री घटली असे नव्हे. ती अपेक्षेइतकी वाढली नाही, एवढेच. तेवढ्यानेही गोदामात माल साचला. त्याच सुमारास कर्ज देणारी बँक स्वतःच अडचणीत आली आणि तिने कर्जमर्यादा कमी केली. 31 जुलै 1991 रोजी 120 जणांना, म्हणजे पाचांपैकी एका कर्मचाऱ्यास, घरी पाठवावे लागले.

पेढी चालवणाऱ्या प्रत्येकाने थांबून पाहावे असा हा प्रसंग आहे. माल चांगला होता, गिऱ्हाईक होते, नावही होते. चुकले ते परिमाण. बँकेची मर्यादा हे आपले भांडवल नव्हे. ती देणाऱ्याच्या सोयीने वाढते आणि त्याच्याच अडचणीने आटते. चढत्या काळात तिच्या बळावर धरलेली लाट उतरत्या काळात स्वतःच्या बाहूंनी पेलावी लागते; आणि ती न पेलल्यास पहिला फटका मालकाला बसत नाही, महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्याला बसतो.

शुइनार्डने पुढे आपल्या प्रमुख सहकाऱ्यांना अर्जेंटिनातील खऱ्या पॅटागोनिया प्रदेशात नेले आणि आपण धंदा कशासाठी करतो याचा विचार मांडला. त्यानंतर गिऱ्हाईक मागेल तेवढीच वाढ, आणि कंपनी 100 वर्षे टिकेल अशा बेताने निर्णय, हे धोरण स्वीकारले गेले.

व्हेंचुराच्या किनाऱ्यानेही असाच धडा गिरवला आहे. समुद्राला खेटून बांधलेला सायकलमार्ग आणि वाहनतळ लाटांनी पोखरला, तेव्हा तेथे भिंत उभारण्याऐवजी शहराने बांधकाम सुमारे 65 फूट मागे घेतले आणि मोकळ्या जागेत गोटे व वाळू पसरली. 2011 मध्ये त्या कामाचा पहिला टप्पा पुरा झाला.

सप्टेंबर 2022 मध्ये शुइनार्ड कुटुंबाने कंपनीची मालकीच सोडली. मताधिकाराचे 2 टक्के भाग एका न्यासाकडे आणि उरलेले 98 टक्के निसर्गरक्षणासाठी झटणाऱ्या संस्थेकडे गेले. धंद्यात पुन्हा न गुंतवलेला नफा आता त्या कार्यास मिळतो. या कंपनीच्या मालात लोकर आणि पिसेही असतात, मासेमारीचे साहित्यही असते. तिचे सर्वच व्यवहार जैन आचारात बसणारे नाहीत. पण जे घेण्याजोगे आहे ते घ्यावे.

श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतास परिग्रह-परिमाण म्हणतात. त्यात व्यापार सोडण्यास सांगितलेले नाही. आपली मर्यादा आपणच आधी ठरवण्यास सांगितले आहे. पूर्वीच्या पेढ्यांवर उधारी किती द्यायची, माल किती भरायचा, कर्ज किती उचलायचे, याचे आकडे वडीलधाऱ्यांच्या मनात पक्के असत. दिवाळीला वहीपूजन करताना येत्या वर्षाच्या विक्रीचा संकल्प सोडला जातो. त्याच बैठकीत, कितीच्या पुढे जायचे नाही, हा एक आकडाही घरातील सर्वांनी मिळून ठरवावा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.