पिशवीचा आजार: लोहाऱ्याची काही टिपणे

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. किल्लारीच्या भूकंपात आजच्या लोहारा तालुक्यातले सास्तूरही जमीनदोस्त झाले. पुनर्वसनात पक्की घरे आली, रस्ते आले, सास्तूरला स्पर्श ग्रामीण रुग्णालय उभे राहिले. याच धाराशिव जिल्ह्यात अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ केले. पुढे २००५ पासून सरकारच्या आरोग्य अभियानात आशाताई आल्या. आरोग्य घराजवळ आणायचे तर ते गावच्या बाईच्याच हातून येते, एवढे या भागाला फार पूर्वी कळले होते.

*

एकाच घरात सुनेच्या अंगात रक्त कमी, सासूला बीपी, सासऱ्याला शुगर. गरिबीतून वर येऊ पाहणाऱ्या प्रदेशाचे दुखणे असे दुहेरी असते: जुने आजार गेलेले नसतात आणि नवे येऊन बसतात. दोन्हींची मुळे एकमेकांत आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. बाळे हडकुळी, पण चरबी त्या मानाने राखून असलेली. पुढे मधुमेहाकडे झुकणारी. म्हणजे शुगरचा बंदोबस्त गरोदर बाईच्या ताटापासून सुरू करायला हवा.

*

आता या जिल्ह्याने जगाला दिलेली गोष्ट. १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात (आजचा धाराशिव) गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर एक मोठा अभ्यास सुरू झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात होत्या. गावांचे चार गट केले. एका गटात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात व्हिनेगरसारखे द्रावण लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटात तपासणी नाही, नेहमीची आरोग्यसेवा तेवढी.

निष्कर्ष २००९ मध्ये आला. आठ वर्षांत चौथ्या गटातल्या ६४ बायका या कर्करोगाने गेल्या, एचपीव्ही चाचणीच्या गटातल्या ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. इतर दोन पद्धतींनी इथे मृत्यूंत ठळक फरक पडला नाही.

*

त्या ६४ जणींना विसरता कामा नये. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर पुढे जगभर वाद झाला. तो व्हायलाच हवा होता. जागतिक आरोग्य संघटना आज एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती देते. त्यामागे ज्या अभ्यासांचा आधार आहे, त्यांत या जिल्ह्यातल्या बायकांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या लेकी-सुनांना मात्र ती चाचणी अजून सरकारी उपकेंद्रात सहज मिळत नाही. राष्ट्रीय कार्यक्रम द्रावणाच्या पाहणीवर चालतो. ती स्वस्त आहे आणि निरुपयोगी नाही. मुंबईतल्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी केल्यावर तिने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटवले. पण तीही किती जणींपर्यंत पोचते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी जेमतेम दोन टक्के जणींची गर्भाशयमुखाची कसलीही तपासणी कधीतरी झाली होती.

*

तपासणी नसते तिथे भीतीचे फावते. शेजारच्या बीडमध्ये २०१९ साली ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली. १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढलेली निघाली. पोटात दुखते, अंगावरून जाते म्हणून बाई दवाखान्यात जाते. तिथे ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ असे ऐकते. वर मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची असते आणि कामाला खाडा झाला की तो पैसे कापतो. साध्या औषधाने बऱ्या होणाऱ्या दुखण्यासाठी तिशीतच अवयव जातो, नंतर कंबर आणि हाडे आयुष्यभर दुखत राहतात.

*

२०१५ मध्ये शेतकरी आत्महत्या रोखण्याच्या बळीराजा चेतना अभियानासाठी सरकारने यवतमाळसोबत आमचाच धाराशिव जिल्हा निवडला. कर्ज, दुष्काळ आणि मन यांचा संबंध निदान कागदावर मान्य झाला. मनाच्या दुखण्यालाही बीपीइतकीच नियमित विचारपूस हवी.

*

मोठे रुग्णालय हवेच. पण पैसा थोडा असेल तर क्रम असा असावा: आधी गरोदर बाईचे पोषण आणि रक्त, मग तिशीनंतरची तपासणी, आणि हे घरोघर नेणाऱ्या आशाताईला वेळेवर पुरेसे मानधन. एचपीव्ही चाचणीची पहिली सोय धाराशिवच्या उपकेंद्रांत व्हावी, हा या जिल्ह्याचा हक्क आहे.

*

तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईने उपकेंद्रात बीपी, शुगर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी मागावी. ती मोफत आहे. आणि पिशवी काढायला सांगितली, तर सही करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवावे.