टँकरच्या पावतीवर लिटर नसतात

कंपनीचा शाश्वतता अहवाल गुळगुळीत कागदावर झळकतो. तो तपासणारा माणूस मात्र आधी विजेची बिलं मागतो. चाकणच्या एखाद्या कारखान्याचं महावितरणचं उच्चदाबाचं बिल घ्या. २०२० पासून अशा ग्राहकांना आकारणी होते केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टर धरून मोजलेल्या विजेवर. कार्बनचा हिशेब मात्र केडब्ल्यूएचवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेल्या विजेवर करायचा असतो, कारण केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा उत्सर्जन-गुणक त्याच युनिटला लागू पडतो. एक्सेल भरणारा पोरगा नेमका पैसे लागलेला रकाना उचलतो. पॉवर फॅक्टर एकच्या जवळ असेल तर फरक किरकोळ. पण मग डिझेलच्या रकान्यात यानं काय भरलं असेल, ही शंका तिथंच डोकं वर काढते.

अशा तपासणीसाठी शेअर बाजाराची नियामक सेबी हिने २०२३ मध्ये बीआरएसआर कोअर, म्हणजे शाश्वतता अहवालातल्या गाभ्याच्या आकड्यांची चौकट आणली. बाजारमूल्यानुसार पहिल्या १५० नोंदणीकृत कंपन्यांपासून सुरुवात, पुढे टप्प्याटप्प्याने १००० पर्यंत. पाणी, कचरा, उत्सर्जन, कामगारांची सुरक्षितता अशा नऊ बाबींवर ‘रीझनेबल’ अ‍ॅश्युरन्स, म्हणजे तपासणाऱ्याची हमी. ‘लिमिटेड’ अ‍ॅश्युरन्समध्ये ‘वावगं काही आढळलं नाही’ एवढ्यावर भागतं. इथे आकडे सर्व महत्त्वाच्या बाबतींत बरोबर आहेत, असं छातीठोक लिहून द्यावं लागतं.

लिहिलेला आकडा तपासणं तसं सोपं. न लिहिलेला शोधायला गच्चीवर चढावं लागतं. एसीमध्ये गॅस कधी भरला, सिलिंडरचं वजन कोण टिपतं? एसीतला आर-४१०ए गॅस एक किलो गळला, की सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखंच. तेवढ्यासाठी साडेसातशे लिटरच्या वर डिझेल जाळावं लागेल. ही नोंद पुष्कळदा मेंटेनन्सच्या वहीतच राहते.

उन्हाळ्यात टँकर येतात. पावतीवर गाडीचा नंबर, सही आणि ‘१ टँकर’. पाच हजार लिटरचा की दहा हजार लिटरचा? मग अकाउंट्समधली रक्कम दराने भागायची, गेटवरच्या आवक-वहीशी ताडायची. या कामात सिक्युरिटीवाले काका जेवढे उपयोगी पडतात, तेवढे सस्टेनेबिलिटी हेडसाहेब पडत नाहीत. असो.

तपासणाऱ्याने त्याच कंपनीला सल्ला विकू नये, हे सेबीने बजावलं ते उत्तमच. मार्च २०२५ मध्ये मात्र अ‍ॅश्युरन्सऐवजी ‘असेसमेंट’ची, म्हणजे नुसत्या मूल्यांकनाचीही मुभा मिळाली. कंपन्यांची खर्चाची कुरकुर खोटी नाही. पण गेटपर्यंत जायला वेळ आधीच अपुरा पडतो, आणि फी घटली की पहिली काट त्याच फेरीला लागते.