अर्ध्या गुणाची गोष्ट

वार्षिकाच्या संपादकमंडळानें यंदाहि आमच्याकडे लेख मागितला, तेव्हां नेहमींप्रमाणें गणितांतील एखादा मनोरंजक विषय घ्यावा असें आमच्या मनांत आलें. परंतु गेल्या वर्षीं आमच्या वर्गांत एक गोष्ट घडली. ती सांगितल्यावांचून दुसऱ्या विषयाकडे वळणें आम्हांस प्रशस्त वाटेना. गोष्ट लहान आहे, अवघ्या अर्ध्या गुणाची आहे. तींत आमची फजिती आहे. आणि शिक्षकानें आपली फजिती शाळेच्याच वार्षिकांत छापावी कीं काय, अशी शंका कोणी घेईल. आमचें उत्तर इतकेंच कीं, विद्यार्थ्यांच्या चुका आम्ही वर्षभर तांबड्या शाईनें दाखवितों. एकदां आमची चूक काळ्या शाईनें छापली गेली तर त्यांत अन्याय नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं मुख्याध्यापकांनीं आम्हांस बोलावून सांगितलें कीं, नववीच्या मुलामुलींस दर शनिवारीं एक तास संगणकाची आज्ञावली लिहिण्यास शिकवावें, व त्यासाठीं पायथन ही भाषा घ्यावी. आमची चाळिशी उलटून गेलेली. मिशनच्या अध्यापक विद्यालयांत आम्ही खडू कसा धरावा व फळ्यावर ओळ सरळ कशी ठेवावी हें शिकलों होतों. कळफलकाशीं आमचा संबंध प्रश्नपत्रिका टंकित करण्यापुरताच. परंतु मुख्याध्यापकांस नकार देणें आम्हांस जमलें नाहीं. मे महिन्याच्या सुटींत आम्ही स्वतःच विद्यार्थी झालों. महाविद्यालयांत शिकणारी आमची भाची सकाळीं तासभर शिकवी, आणि मग दिवसभर आम्ही चुकत असूं. जून महिन्यांत वर्गांत पाऊल ठेविलें तेव्हां आम्ही मुलांच्या अवघे चार धडे पुढें होतों, हें आज कबूल करावयास हरकत नाहीं.

पहिल्याच दिवशीं एका मुलीनें विचारलें, “सर, भाषेला अजगराचें नांव कां बरें दिलें?” हा प्रश्न आम्हीं भाचीला विचारून ठेविला होता, म्हणून निभावलें. या भाषेचे कर्ते ग्विडो व्हॅन रॉसम हे मूळचे नेदरलंड्सचे. अॅम्स्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधनसंस्थेंत ते काम करीत. १९८९ सालच्या नाताळच्या आठवड्यांत हातांस कांहीं उद्योग असावा म्हणून त्यांनीं ही भाषा रचावयास आरंभ केला, व फेब्रुवारी १९९१ मध्यें ती प्रथम लोकांच्या हातीं दिली. नांव मात्र सर्पावरून नव्हे, तर मॉन्टी पायथन या विनोदी मंडळीच्या इंग्रजी दूरचित्रवाणी कार्यक्रमावरून घेतलेलें. नाताळच्या सुटींत एवढें काम होऊं शकतें हें ऐकून मुलें चकित झालीं. आपल्या सुट्या कोठें जातात याचा विचार त्यांनीं केला कीं नाहीं, तें आम्हांस ठाऊक नाहीं.

पहिले धडे मोठे गमतीचे झाले. दोन संख्या विचारून त्यांची बेरीज सांगणारी आज्ञावली आम्हीं लिहविली. एका मुलानें ५ व ७ दिले; यंत्रानें ५७ असें उत्तर दिलें. वर्ग खो खो हंसला. “यंत्राला दुसरीची बेरीज येत नाहीं!” असा निकालहि लागला. मग आम्हीं समजावून दिलें कीं, कळफलकावरून आलेलें सर्व कांहीं यंत्र प्रथम अक्षरें म्हणून घेतें. अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढें एक मांडणें. ‘ही अक्षरें नव्हेत, संख्या आहे’ असें त्यास स्पष्ट सांगावें लागतें. ‘इंट’ ही लहानशी आज्ञा घालतांच उत्तर १२ आलें. यंत्र मूर्ख नव्हतें. आपण अपुरें बोललों होतों.

दुसरी अडचण समासाची. या भाषेंत एखाद्या अटीखालीं येणाऱ्या ओळी सारख्याच जागा, बहुधा चार, आंत सरकवून लिहावयाच्या असतात. त्यांतील एखाद्या ओळींत एक जागा कमी पडली तरी यंत्र अडून बसतें. आपल्या वाडवडिलांची मोडी शब्दांत अंतर न सोडतां धांवत असे. येथें उलट मोकळ्या जागेसहि अर्थ आहे. निबंधाच्या वहींत समास सोडा म्हणून मराठीचे शिक्षक वर्षानुवर्षें सांगतात, तें मुलांनीं यंत्राच्या सांगण्यावरून चार दिवसांत मानलें! शिवाय या भाषेच्या तिसऱ्या आवृत्तींत राशींचीं नांवें देवनागरींत ठेवतां येतात, असें कळल्यावर वर्गांत मोठा आनंद झाला. मूळ आज्ञा इंग्रजी अक्षरांतच लिहाव्या लागतात. पण ‘बेरीज’, ‘सरासरी’ हे आपले शब्द पडद्यावर पाहून मुलांची भीति बरीच मोडली.

तरी चुकीची भीति जाण्यास वेळ लागला. पडद्यावर तांबडीं अक्षरें उमटलीं कीं कित्येक मुलें हात मागें घेत, जणूं कोणी छडी उगारली आहे. तेव्हां आम्हीं त्यांस दोन हकीकती सांगितल्या. १८४३ सालीं इंग्लंडांत एडा लव्हलेस या विदुषीनें, चार्ल्स बॅबेज यांनीं योजिलेल्या परंतु कधींहि पुरें न झालेल्या यंत्रासाठीं, बर्नुली संख्या काढण्याची रीत कोष्टकरूपानें प्रसिद्ध केली. पुष्कळ लोक तीस जगांतील पहिली आज्ञावली मानतात. त्या छापील कोष्टकांतहि एके ठिकाणीं भाज्य व भाजक यांची उलटापालट झालेली आहे. दुसरी हकीकत १९४७ सालच्या सप्टेंबर महिन्यांतील. हार्वर्ड विद्यापीठांतील एका प्रचंड गणकयंत्रांत एक पतंग अडकलेला सांपडला. तेथील मंडळींनीं तो नोंदवहींत चिकटवून ठेविला, आणि ती वही आज अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. “चूक लपवूं नका, नोंदवून ठेवा,” असें आम्हीं मोठ्या ऐटींत सांगितलें. हा उपदेश लवकरच आमच्यावर उलटावयाचा होता.

गेल्या एप्रिल महिन्यांत वर्षाचा शेवट म्हणून सर्व वर्गानें मिळून एक आज्ञावली केली. गणिताच्या दोन्ही सत्रांतील गुण घ्यावयाचे, सरासरी काढावयाची, अर्धा आल्यास पूर्णांक करावयाचा, आणि ३५ व त्याहून अधिक असल्यास ‘उत्तीर्ण’ असें लिहावयाचें. पूर्णांक करण्यासाठीं ‘राउंड’ नांवाची तयार आज्ञा आहे. ती आम्हींच सांगितली. आमच्या सांगण्यावरून ती ओळ टंकित केली ती मागच्या बांकावरील एका अबोल मुलानें. बेचाळीस विद्यार्थ्यांची यादी क्षणांत तयार झाली. निकालपत्रकें अजून व्हावयाचीं होतीं; परंतु आम्हांस एवढें कौतुक वाटलें कीं, ती यादी आम्हीं वर्गाच्या फळ्याशेजारीं लावून टाकली. तींत एकच जण अनुत्तीर्ण होता. तो तोच मुलगा. त्याचे गुण ३४ होते.

दुसऱ्या दिवशीं तो शाळेंत आला नाहीं. त्या दिवशीं मधल्या सुटींत एक मुलगी आमच्याकडे आली. ती म्हणाली, “सर, माझी सरासरी साडेपस्तीस, मला ३६ मिळाले. त्याची साडेचौतीस, त्याला ३४ कां?” आमच्या हातांत वह्यांचा गठ्ठा होता. आम्हीं मान वर न करतां सांगितलें, “यंत्र चुकत नसतें. तुझी बेरीज पुन्हां पाहा.” ती गेली. हें उत्तर आठवलें कीं आजहि आम्हांस लाज वाटते. ज्या वर्गांत आम्हीं ‘विचारा, तपासा’ म्हणून वर्षभर घसा कोरडा केला, तेथें विचारणाऱ्या मुलीस आम्हीं तपासण्यापूर्वींच परत पाठविलें.

तिसऱ्या दिवशीं ती पुन्हां आली. तिनें घरीं बसून बेचाळीसहि जणांची सरासरी हातानें काढिली होती. नऊ जणांच्या सरासरींत अर्धा येत होता. त्यांपैकीं चौघांचा वाढला होता व पांचांचा गळाला होता. आतां मात्र आम्ही गप्प झालों. त्या रात्रीं घरीं आम्हीं यंत्रास एकेक संख्या दिली. अर्ध्याचें उत्तर शून्य आलें, दीडाचें दोन, अडीचाचेंहि दोन, साडेतिनाचें चार. मग उलगडा झाला. अर्धा बरोबर मधोमध असल्यामुळें ही आज्ञा त्यास जवळच्या सम संख्येकडे नेते. ३४ व ३६ या सम संख्या. म्हणून साडेचौतीस खालीं गेले व साडेपस्तीस वर आले.

हा नियम वेडगळ नाहीं. हजारों संख्यांची बेरीज करावयाची असतां प्रत्येक अर्धा वरच ढकलला तर एकूण बेरीज फुगते. कांहीं वर व कांहीं खालीं गेले म्हणजे तोल राहतो. शास्त्रीय गणनेंत ही रीत फार उपयोगी आहे. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तींत असा अर्धा वरच जात असे. २००८ सालीं तिसरी आवृत्ति निघाली तींत हा नियम आला. परंतु शाळेची प्रथा निराळी. अर्धा गुण मुलाच्या पदरांत टाकावयाचा, ही आपल्या शाळेची जुनी चाल. यंत्रास ती ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. आम्हांस होती, आणि आम्हीं ती सांगितली नाहीं. ‘पूर्णांक कर’ एवढेंच म्हणून मोकळे झालों. ५ व ७ यांचे ५७ झाले त्या दिवशीं मुलांस जें शिकविलें, तेंच आम्ही विसरलों होतों.

सकाळीं आम्ही त्या मुलाच्या घरीं गेलों. त्याचे वडील गवंडीकाम करतात; ते डबा घेऊन कामावर निघण्याच्या तयारींत होते. मुलगाहि जुना सदरा घालून त्यांच्याबरोबर उभा होता. “नापास झाला, तर आतां माझ्या हाताखाली येऊं दे, म्हटलं,” असें ते सरळपणें म्हणाले. पहिल्या सत्रांत त्यास ३० गुण होते. दुसऱ्या सत्रांत त्यानें ते ३९ वर नेले होते. नऊ गुणांची ती चढण त्यानें एकट्यानें चढली होती, आणि आम्हीं त्यास अर्ध्या गुणासाठीं दारांतून परत लोटलें होतें. आम्हीं दोघांस सर्व प्रकार सांगितला, व चूक आमची आहे असें सांगून त्या मुलाची क्षमा मागितली. तो खालीं पाहत राहिला. वडील थोडा वेळ थांबले, आणि मग म्हणाले, “मास्तर, ओळंबा खोटं बोलत नाही, पण दोरी कुणी कुठं धरली, ते बघावं लागतं.” इतकें बोलून त्यांनीं मुलाच्या हातांतील घमेलें काढून घेतलें, व त्यास दप्तर आणावयास आंत पाठविलें.

शनिवारीं आम्हीं ती यादी वर्गासमक्ष काढली व सर्व हकीकत सांगितली. त्या मुलीची कागदावरची आंकडेमोडहि सर्वांस दाखविली. मग दुरुस्ती कशी करावी, हें मुलांसच विचारलें. पुष्कळ उपाय निघाले. शेवटीं तोच अबोल मुलगा उठून म्हणाला, “सर, दोन्ही सत्रांच्या बेरजेंत एक मिळवावा, आणि दोहोंनीं भागून बाकी सोडून द्यावी.” ३० व ३९ मिळून ६९, एक मिळवून ७०, भागून ३५. बेरीज सम असली तर तो एक बाकींत निघून जातो, कोणास फुकट कांहीं मिळत नाहीं. ‘राउंड’ची ओळ त्यानें स्वतः पुसली व नवी लिहिली. निकालपत्रकांत गेले ते याच रीतीचे गुण.

पालकहो, आपणांपैकीं कित्येकजण आम्हांस विचारतात कीं, हल्लीं सांगतांच आज्ञावली लिहून देणारे संगणक निघाले आहेत; मग मुलांनीं हा खटाटोप कां करावा? ही शंका रास्त आहे. तीं साधनें आम्हीहि वापरून पाहिलीं आहेत, व त्यांचा उपयोग आहे. परंतु निर्दोष दिसणाऱ्या, एकहि तांबडें अक्षर न उमटविणाऱ्या त्या यादींत एका मुलाचा अर्धा गुण बुडत होता. ती यादी पाहून ‘कां?’ असें विचारणारें, आणि शिक्षकानें झिडकारलें तरी रात्रभर बसून बेरजा करणारें कोणी तरी वर्गांत असावें लागतें. असें मूल तयार व्हावें म्हणून आम्ही शनिवारचा तास घेतों. सर्वच मुलें पुढें संगणकाचा धंदा करतील असें नाहीं, आणि तशी आमची इच्छाहि नाहीं.

शंभरांतील एका हरवलेल्या मेंढरामागें जाणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट आम्हीं प्रार्थनेच्या वेळीं किती वेळां सांगितली असेल, याचा हिशेब नाहीं. गेल्या वर्षीं बेचाळिसांतील एक हरवला, तेव्हां त्याच्या मागें प्रथम गेली ती एक विद्यार्थिनी. आम्ही तिच्या मागून दोन दिवसांनीं गेलों.

तो मुलगा आतां दहावींत आहे. या वर्षीं नव्या नववीस आम्हीं तीच आज्ञावली करावयास दिली आहे, आणि अर्ध्याचें काय करावें हें मुद्दामच सांगितलेलें नाहीं. कोण विचारतें, याची आम्ही वाट पाहत आहों. विद्यार्थ्यांनो, जो कोणी विचारील त्यास आमचें वचन आहे: या खेपेस आम्ही वह्यांचा गठ्ठा खालीं ठेवूं, आणि मगच उत्तर देऊं.