बांधावरची सहा फुलं

ट्रॅक्टरने बांध कोरले, उरलेल्या पट्टीवर तणनाशक मारलं, रस्त्याकडेचे चर मुरुमाने भरले. तिथे दर पावसात आपसूक उगवणारी फुलं आता शोधावी लागतात. या जाती नामशेष झालेल्या नाहीत, पण गावाच्या रोजच्या वाटेवरून त्या उठत चालल्या आहेत. त्यांतल्या सहांची ही यादी, ओळखीच्या खुणांसह.

केना. तीन निळ्या पाकळ्या, दोन मोठ्या, एक लहान. फूल सकाळी उमलतं, दुपारपर्यंत मिटतं. पान खोडाला जिथे वेढतं तिथे तांबूस केस. केना जमिनीखालीही फुलं धरतो. ती कधी उमलत नाहीत, पण बी करतात. म्हणून खुरपणीनंतरही तो उरतो. गेली ती त्याची भाजी. फवारलेल्या रानातली पानं खुडायला आता कोणी धजत नाही.

पिवळी तिळवण. अंगभर चिकट लव, चुरगळल्यास उग्र वास, बारीक उभी शेंग. लांबून मोहरी वाटते. मोहरीच्या चार पाकळ्या चार दिशांना पसरतात. तिळवणीच्या चारही वरच्या अंगाला वळलेल्या असतात. गढवालात तिचंच बी ‘जखिया’ म्हणून फोडणीला घालतात. आपण ती उपटून टाकतो.

कुंभा. चौकोनी खोड, समोरासमोर पानं, गोल गुच्छांतून डोकावणारी पांढरी दुओठी फुलं. वरच्या ओठावर मऊ लव. महादेवाला वाहायची द्रोणपुष्पी ती हीच. असेच गोल गुच्छ दीपमाळेलाही येतात, पण ती पुरुषभर वाढते, फुलं नारिंगी असतात आणि ती मूळची आफ्रिकेची.

कवला. पिवळं, वाटाण्याच्या घडणीचं फूल. काही जातींत मोठ्या पाकळीच्या तळाशी तांबडे ठिपके. पानं बारीक, हात लागताच मिटणारी, म्हणून लोक त्याला लाजाळू समजतात. लाजाळूला काटे असतात आणि फूल गुलाबी गोंड्याचं. कवल्याला काटा नसतो. पावसाळ्यात याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते.

रानतीळ. गुलाबी, खाली झुकलेलं, घंटेच्या आकाराचं फूल. खालचा ओठ गडद जांभळा. पेरलेल्या तिळाचं फूल याहून फिकट असतं. बी काळपट आणि खरबरीत. संक्रांतीला आपण जो तीळ वाटतो त्याचा हा रानटी पूर्वज. तीळ माणसाने याच भारतीय उपखंडात शेतीत आणला. हडप्पाच्या उत्खननातही जळालेले तीळ सापडले. पेरलेल्या तिळाशी याचा संकर सहज होतो. उद्या पिकावर नवा रोग आला, तर त्याला तोंड देणारा गुण शोधायला संशोधकांना याच्याकडेच यावं लागेल. तोवर तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला पाहिजे. रस्ता रुंद करताना पहिला घाव बसतो तो याच्यावर.

टारफुला. वीतभर उंची, अरुंद खरखरीत पानं, बारीक पांढरी फुलं. हा ज्वारीच्या मुळात मूळ घुसवून जगतो. बी धुळीसारखं, यजमान पिकाच्या मुळातून पाझरणाऱ्या रसायनाची चाहूल लागल्याशिवाय ते रुजत नाही. शेतकऱ्याला हा वैरी इतका ठाऊक होता की शंकर पाटलांच्या कादंबरीचं नावच ‘टारफुला’ आहे. ज्वारीच्या जागी सोयाबीन आणि कापूस आला, तसा टारफुलाही हटला. त्याच्या जाण्याचं दुःख शेतकऱ्याने करावं असं मी म्हणणार नाही. नोंद मात्र राहायला हवी.

यांच्या रिकाम्या जागा भरल्या त्या परक्यांनी. गाजर गवत १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम दिसलं आणि देशभर पसरलं. आता मेक्सिकोच्या कॉसमॉसचे नारिंगी ताटवे आले आहेत, आणि त्यांचीच छायाचित्रं रानफुलं म्हणून फिरतात.

ही सहाही झाडं एका हंगामाची. त्यांच्याजवळ पुढच्या वर्षासाठी बियांखेरीज काहीच नसतं. फुलात असताना कापली, की केना सोडला तर त्या वर्षीचं बी बुडालं. सलग काही वर्षं हेच झालं, की मातीतला साठाही आटत जातो. ज्याला झाड ओळखता येतं, त्याचा विळा थांबू शकतो. पीक सांभाळा, तण काढा. पण बांधाची हातभर पट्टी दिवाळीपर्यंत फवारू नका, कापू नका. बी गळू द्या.