रंगाखालचं सागवान

पुण्यात पेठेतला एखादा वाडा पाडायला निघाला की तुळयांना गिऱ्हाईक लगेच मिळतं, कोरीव दारांना तर आधीच मिळालेलं असतं. मधल्यामध्ये लटकतात त्या रोजच्या वापरातल्या वस्तू. घडवंची, चौरंग, फडताळ, खणांचं टेबल. नव्या फ्लॅटच्या नकाशात त्यांना जागा नसते. मग त्या टेम्पोत चढतात आणि बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात उतरतात. मुंबईत हीच वाट चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटकडे नाहीतर जोगेश्वरीच्या ओशिवरा मार्केटकडे जाते. या वस्तूंतल्या कितीतरी अस्सल सागवानी असतात, आणि वरच्या ऑइलपेंटमुळे ते कुणाच्या लक्षातच येत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. असं सागवान आज नव्याने घ्यायचं म्हटलं तर भाव ऐकूनच माणूस दुकानाबाहेर येतो.

जुन्या बाजारात मी वस्तू समोरून बघत नाही. समोरचा भाग पुसलेला, चमकवलेला असतो. मी खण पूर्ण बाहेर काढते आणि उलटा करते. खणाचा तळ, कपाटाची पाठ, फळीची खालची बाजू यांना कुणी रंग लावलेला नसतो, तिथे लाकूड स्वतःची ओळख सांगतं. सागाचा रंग सोनेरी-तपकिरी, हाताला किंचित तेलकट, आणि नखाने जरा खरवडलं की कातड्यासारखा एक वास येतो, तो एकदा नाकात बसला की विसरत नाही. खणाच्या कोपऱ्यात नुसते खिळे ठोकलेत की डोव्हटेलचा सांधा आहे, तेही तिथेच कळतं. मग खाली जमिनीकडे बघायचं. पिठासारखा बारीक भुसा सांडलेला असेल तर आत कीड चालू आहे. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, त्यामुळे गाभ्याच्या लाकडाला वाळवी सहसा शिवत नाही. पण कडेचं पांढरट लाकूड वापरलेलं असेल तर तेवढी पट्टी पोखरली जाते. तेवढ्यासाठी मी वस्तू सोडत नाही. भोकांत सिरिंजने किडीचं औषध भरता येतं.

दुभत्याचं कपाट मला असंच मिळालं. दोन्ही दारांना आणि बाजूंना तारेची जाळी, आत तीन फळ्या, वर पिस्ता रंगाचा जाड ऑइलपेंट. फ्रिज यायच्या आधी दूध, दही, लोणी, उरलेली पोळी-भाजी याच कपाटात हवेशीर राहायची. मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत. या कपाटाचे पाय खालून चार बोटं काळे पडलेले होते. सागात आणि इतर बऱ्याच लाकडांत टॅनिन असतं. वर्षानुवर्षं पाणी आणि लोखंड त्याच्या संगतीला राहिलं की काळा डाग धरतो. ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्याने तो बराचसा निघतो. मी काढला नाही. त्या चार बोटांत या कपाटाचं सगळं काम लिहिलेलं आहे, ते पुसायचा मला काय अधिकार!

जुना रंग काढणं हे यातलं सगळ्यात जोखमीचं काम, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारच निष्काळजीपणा चालतो. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या वर नको, हा नियम भारतात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, हिरव्या, शेंदरी छटांत, शिसं असण्याची शक्यता धरूनच चालायला हवं. असा रंग कोरड्या काचकागदाने घासला की त्याची धूळ घरभर होते आणि ती पोटात-फुप्फुसात जाते. लहान मुलांच्या मेंदूला शिशाने होणारी इजा भरून येत नाही. ब्लो-टॉर्चने रंग जाळणं तर त्याहून वाईट. म्हणून मी गच्चीत, मास्क आणि हातमोजे घालून, पेंट रिमूव्हर लावते, वर प्लास्टिकचा कागद पांघरते आणि रंग फुगून आला की बोथट खरवडणीने ओला ओलाच उचलते. राहिलेल्या ठिकाणी वॉटर पेपर, तोही पाण्यात बुडवून. निघालेला लगदा वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळा बांधते, कुंडीत किंवा मोरीत जाऊ देत नाही. भाचरं आलेली असतील त्या दिवशी हे काम काढतच नाही.

पिस्त्याखाली आकाशी निघाला. आकाशीखाली चॉकलेटी. प्रत्येक रंग म्हणजे त्या घरातलं एखादं लग्न किंवा एखादी दिवाळी असणार. चॉकलेटीखाली काळपट, काचेसारखा ठिसूळ थर लागला, तेव्हा मी खरवडणी खाली ठेवली आणि स्पिरिटचा बोळा फिरवला. थर विरघळून बोळ्यावर आला, मधासारखा चिकट. म्हणजे मुळातलं पॉलिश लाखेचं होतं. त्याखालचं लाकूड ओलं असताना जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे: दाराच्या चौकटीत खालपासून वरपर्यंत एकच सलग रेघ, मध्येच एका गाठीला वळसा घालून पुन्हा सरळ झालेली. ज्या सुताराने ही पट्टी दारासाठी निवडली त्याने ती निवडूनच घेतली होती.

एक सांधा हलत होता. तो सरसाने जोडलेला होता. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद. गरम पाण्याचं फडकं थोडा वेळ धरलं की तो मऊ होतो, सांधा अलगद उघडतो, साफ करून पुन्हा जोडता येतो. आजच्या पांढऱ्या गोंदाने जोडलेला सांधा उघडायला गेलं तर गोंदाआधी लाकूड फाटतं. जुन्या कारागिरांनी वस्तू केली तीच पुढे कुणीतरी दुरुस्त करणार हे धरून. फिनिश निवडताना मी हाच नियम लावते: उद्या ओरखडा पडला तर तेवढाच भाग दुरुस्त करता येईल का?

घरी आलेल्या प्रत्येकाने मला पीयू किंवा मेलामाइन मारून घ्यायला सांगितलं. पाण्याला, उष्णतेला ही फिनिशेस नक्कीच भारी आहेत, जेवणाच्या टेबलाला मी ती नाकारणार नाही. पण त्यांचा थर फुटला, सोलवटला, की पूर्ण वस्तू घासून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. लाख आणि मेण यांचं तसं नाही. लाखेवर नवी लाख चढते तेव्हा स्पिरिटमुळे खालचा थर किंचित विरघळतो आणि दोन्ही एकजीव होतात. शिवाय हे कपाट खाण्याच्या वस्तूंचं. औषधाच्या गोळ्यांवर आणि चॉकलेटवर चकाकीसाठी जिचा थर देतात ती हीच लाख. रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांवर पोसणाऱ्या किड्यांनी दिलेला हा माल आपल्याच देशात पिकतो, आणि आपण मात्र डबाबंद फिनिशच्या मागे धावतो, हे मला अजिबात पटत नाही.

लाखेचं काम मला आमच्या भागातल्या पॉलिशवाल्या काकांनी शिकवलं. चपडा लाखेचे पापुद्रे रात्री स्पिरिटमध्ये भिजत घालायचे, सकाळी फडक्यातून गाळायचे. कापसाचा गोळा जुन्या मऊ सुती कापडात बांधायचा, त्यावर लाख घ्यायची आणि हात थांबू द्यायचा नाही.

"वहिनी, हात उचलायचा तर कडेच्या बाहेर जाऊन उचला. मध्ये टेकलात की तिथे खूण राहिली म्हणून समजा."

पावसाळ्यात ते हे काम घेतच नाहीत. दमट हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि पॉलिश दुधाळ पांढरं पडतं. एका ढगाळ दुपारी मी आग्रह केला तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि चहा घेऊन निघून गेले. दोन उन्हं पडल्यावर आपणहून आले.

आतून फक्त लाख. बाहेरून लाखेवर मेण. मेणाच्या पॉलिशमधलं टर्पेंटाइन आत कोंडलं तर दुधा-दह्याला वास लागेल, म्हणून हा भेद. मेण मी महाबळेश्वरकडच्या एका मधपाळाकडून आणते. महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ साली 'मधाचं गाव' म्हणून मान मिळाला, त्याच डोंगरातलं हे मेण. पिवळं, आणि हातात घेतलं की मधाचा मंद वास. १०० ग्रॅम मेण किसून एका भांड्यात घ्यायचं आणि ते भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचं. ६२ ते ६४ अंशांना ते वितळतं. मग गॅस बंद करायचा, भांडं स्वयंपाकघरातून बाहेर न्यायचं, आणि तिथे त्यात साधारण ३०० मिली टर्पेंटाइन ओतून ढवळायचं. चिडाच्या राळेपासून काढलेल्या टर्पेंटाइनच्या वाफा ३५ अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकतात, त्यामुळे ज्योतीजवळ ती बाटली उघडायचीसुद्धा नाही. थंड झालं की साजूक तुपासारखं रवाळ मिश्रण तयार होतं. मेण कडक हवं असेल तर त्यात थोडं कार्नोबा घालतात, ते ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरून येतं आणि ८० अंशांच्या वर वितळतं.

मेण लावताना हात राखायचा. इतकं थोडं घ्यायचं की लावलं की नाही अशी शंका यावी. जाड थर पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात चिकट राहतो आणि येणारी-जाणारी सगळी धूळ धरतो. फडक्याने रेषेच्या दिशेने चोळायचं, अर्धा-एक तास सुकू द्यायचं, मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने चमक येईपर्यंत घासायचं. सासूबाईंना या शेवटच्या कामाची फार गोडी लागली. दुपारी पुराणाच्या वाचनाला बसण्याआधी त्या एकेक दार घासून घेतात. ज्यांना मेणाऐवजी जवसाचं तेल आवडतं त्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: तेलाने भिजलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकलं तर ते आपोआप तापून पेटू शकतं. ते दोरीवर मोकळं वाळत घालावं किंवा पाण्यात बुडवून ठेवावं.

एवढं वाचून मी रंगाच्या विरोधात आहे असं कुणाला वाटेल. तसं नाही. कपाटाबरोबरच मी एक खणांचं टेबल आणलं होतं. त्याची पाठ प्लायची, वरची फळी आंब्याची, पाय बाभळीचे, दोन ठिकाणी वेगवेगळी ठिगळं. अशा लाकडांच्या गोतावळ्याला एकत्र आणायचं काम रंगच करू शकतो. ब्रिटनमध्ये ॲनी स्लोन यांनी १९९० साली फर्निचरसाठी चॉक पेंट आणला. तो मॅट असतो, जुन्या पृष्ठभागावर फारसं न घासता धरतो, आणि वरून मेण घेतो. तयार डबा महाग पडतो, म्हणून मी तीन वाट्या इमल्शनला एक वाटी खडूची पूड पाण्यात गुठळी न ठेवता कालवून घालते. ब्रशच्या रेघा थोड्या राहतात, त्या मला आवडतात.

बाभळीत टॅनिन भरपूर. तिच्या सालीने कातडी कमावतात ती त्यामुळेच. फिक्या रंगातून ते पिवळे-तपकिरी डाग होऊन वर येतं. आधी टेबलाच्या पोटाला रंग लावून बघितला, तर पायांच्या बाजूला सकाळपर्यंत डाग उमटले. म्हणून सगळ्या टेबलाला रंगाच्या आधी लाखेचा एक पातळ हात दिला आणि डाग तिथेच अडले. धुरकट निळा रंग मेण चोळल्यावर एक छटा गडद झाला. असा रंग हाताला कोरडा लागला तरी पुरता मुरायला तीन-चार आठवडे घेतो, तोवर त्यावर जड काही ठेवू नये. कडा मुद्दाम घासून वस्तू जुनाट दाखवायची पद्धत आहे, ती मी केली नाही. हे टेबल खरोखर जुनं आहे. त्याच्या कडा वापराने झिजतील तेव्हा झिजतील.

दर वर्षी दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, कपाटाला आणि टेबलाला मेणाचा नवा हात देते. कपाटात आता लोणच्याच्या बरण्या, विरजण आणि ताकाचा गडू असतो. गरम कप मात्र टेबलावर थेट ठेवू देत नाही, चहाच्या उष्णतेने मेण उठतं. उठलंच तर तेवढ्या जागी थोडं नवं मेण चोळायचं आणि घासायचं, झालं.

माळ्यावर आईच्या माहेरची घडवंची आहे. तिच्यावरचा काळा थर लाखेचा आहे की ऑइलपेंटचा, ते स्पिरिटच्या बोळ्याने कळेल. बोळा चिकट झाला तर खरवडायची गरजच नाही, स्पिरिटने थर हलवून पुन्हा बसवता येतो. पाऊस उघडला की काकांना निरोप धाडणार आहे.