बॅटरीचं म्हातारपण

पोंभुर्ण्याच्या शिवारात धान निसवलं की रात्रीला दोन आवाज येऊन मिळतात. एक जागलीवर बसलेल्याच्या आरोळीचा, दुसरा झटका मशीनचा. टक्... टक्... सेकंदाला साधारण एक ठोका. कुंपणाच्या तारेत हजारो व्होल्टचा दाब येतो, पण सेकंदाच्या अगदी लहानशा अंशापुरता. रानडुकराचं ओलं नाक तारेला लागतं, ते दचकून मागं फिरतं, मरत नाही. या पहाऱ्याचं बळ धुऱ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असतं. तिथं बहुतेकदा एखादी जुनी बॅटरी बसलेली असते, ट्रॅक्टरमधून नाहीतर जीपमधून उतरवलेली.

गाडीनं तिला केव्हाच नाकारलेलं असतं. सेल्फ मारला की इंजिन नुसतं कण्हायचं. गॅरेजवाला मीटर लावून पाहतो आणि म्हणतो, "भाऊ, मेली नाही जी. म्हातारी झाली."

निदान अचूक असतं. इंजिन उठवायला क्षणभरात शे-दोनशे अँपिअर लागतात. त्यासाठी गाडीच्या बॅटरीत शिशाच्या पातळ पट्ट्या दाटीवाटीनं बसवलेल्या असतात. वापरता वापरता त्यांच्यावर शिशाच्या सल्फेटचे कठीण खडे धरतात, पट्ट्या झिजतात, आणि एका दमात द्यायची ताकद सरते. हळूहळू द्यायची मात्र उरलेली असते. झटका मशीन अर्ध्या अँपिअरच्या आतबाहेर ओढतं. पाच वॅटचा एलईडी दिवा त्याहूनही कमी. 80 अँपिअर-तासांच्या बॅटरीत निम्मीच धुगधुगी राहिली, तरी एका रात्रीचे पाच-सहा अँपिअर-तास ती सहज देते. गास्तों प्लांते या फ्रेंच माणसानं 1859 साली ही शिसं-आम्लाची बॅटरी बनवली. झाडीतल्या रात्री ती अशा कामाला येईल, हे त्याच्या स्वप्नातही नसेल.

जुन्या बॅटरीचा हा उपयोग आपल्याला नवा नाही. 1987 साली रविवारी सकाळी रामायण लागायचं, तेव्हा वीज नसलेल्या कितीतरी गावांत काळा-पांढरा टीव्ही बॅटरीवरच चालायचा.

वीज तशी जवळच आहे: पोंभुर्ण्याच्या याच जिल्ह्यात चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र आहे, 2920 मेगावॅटचं. खांबावरची तार शेतावरून जाते, आणि कोणाला तरी मोह होतो: आकडा टाकावा, कुंपणात थेट करंट सोडावा. झटक्याचा ठोका येतो आणि जातो. खांबावरची वीज मात्र धरते ती सोडत नाही. 2017 मध्ये नागभीडकडे 'जय' वाघाचा बछडा श्रीनिवास अशाच कुंपणात गेला. अशा तारांना चिकटून माणसंही गेली आहेत, कधी शेजारच्या बांधीतली, कधी तार लावणाऱ्याच्याच घरची. म्हणून धुऱ्यावरची ती म्हातारी मला मोलाची वाटते. तिच्यापाशी मारण्याइतका जोर नाही, राखण्यापुरता आहे.

पण तिची पथ्यं पाळावी लागतात. पहिलं पथ्य उपाशी न ठेवण्याचं. चार्ज करून काही तास विसावलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12.4 च्या खाली घसरली की चार्जिंगला लावावी. 12 वर ती जवळजवळ रिकामी असते, आणि रिकामी पडून राहिली की खडे घट्ट होतात. धान घरात आलं की मशीन माळ्यावर जातं आणि बॅटरी सांदवाडीत विसरली जाते. इथला उन्हाळा 47-48 अंशांचा. उष्णतेनं ती आणखी लवकर उतरते. रोवणा आला की मग लोक म्हणतात, दगा दिला. दगा तिनं दिलेला नसतो. पूर्ण चार्ज करून, सावलीत, हवेशीर जागी, लेकरांच्या हाताबाहेर, सरळ उभी ठेवावी आणि महिन्यातून एकदा मीटर लावावं. फरशीवर ठेवली की उतरते, हा समज लाकडी-रबरी पेट्यांच्या काळातला. आताच्या प्लास्टिकच्या पेटीला तो लागू नाही.

दुसरं पथ्य चार्जिंगचं, आणि यात हयगय नको. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो. हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीनं भडकतो. म्हणून झोपायच्या खोलीत नको, चुलीजवळ नको, देव्हाऱ्यातल्या दिव्याजवळ नको, हातात बिडी तर नकोच. छपरीत लावावी. आधी चिमटे, मग बटण. काढताना आधी बटण बंद, मग चिमटे. अँपिअर-तासांच्या दहाव्या हिश्श्याइतकाच करंट द्यावा. सोलर पॅनल थेट जोडू नये, मधे कंट्रोलर हवाच. चार्जरवर असलेली बॅटरी कुंपणाच्या मशीनला कधीही जोडलेली असू नये. चार्जर बिघडला, तर घरातली वीज तारेत उतरू शकते. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर त्या बुडण्यापुरतं पाणी आधी घालावं, बाकी भर चार्ज झाल्यावर. पाणी डिस्टिल्डच, विहिरीचं नाही, आणि घरी आम्ल तर ओतूच नये. हाताशी चष्मा, हातमोजे, बादलीभर पाणी आणि खाण्याचा सोडा असावा. सांडलेलं आम्ल सोड्यानं शमतं. अंगावर उडालं तर मात्र भरपूर पाण्यानं धूत राहायचं. फुगलेली किंवा तडकलेली बॅटरी चार्जिंगला लावायचीच नाही.

आणि एक दिवस ती खरंच मरते. तिच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग शिशाचा असतो. शिसं 327 अंशांना वितळतं, म्हणजे चुलीवरही. मासे धरायच्या जाळ्याला गोळ्या होतील म्हणून कोणी ते घरी वितळवायला बसलं, तर त्याची बारीक धूळ अंगणात, पाण्यात आणि रांगत्या लेकराच्या बोटांवर जाते. 2020 मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या अहवालानं सांगितलं, की जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात काळजी करण्याइतकं शिसं आहे. मेंदूवर झालेला त्याचा घाव भरून येत नाही.

2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आपल्याकडे उरतं ते बॅटरी परत देणं. तेव्हा बॅटरी मेली की फोडू नका, आम्ल नालीत ओतू नका, दारावरच्या भंगारवाल्याला किलोच्या भावानं देऊ नका. जशीच्या तशी, उभी धरून, नवी घेता त्या दुकानात न्या, किंमत वळती करून घ्या आणि पावती मागा.