पूर्णेचा सांधा

नांदेडकडून आमच्या पूर्णेला आलेली गाडी परभणीकडे जायची की हिंगोलीकडे, हे रुळांचा सांधा ठरवतो. गर्भही पहिले सहा-एक आठवडे एकाच रुळावर असतो. मग बापाकडून वाय गुणसूत्र आले असेल, तर तिथला एक जनुक सांधा बदलतो. तो १९९० साली सापडला. तीन मुलींपायी माझी मावशी जन्मभर टोमणे ऐकत राहिली. अहो, तिच्या पदरी वाय होतेच कुठे!

कधी सांधा बदलतो, पण देह पुढचा हुकूम ऐकत नाही. मूल मुलगी म्हणूनच वाढते. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या पोलीस शिपाई ललिता साळवे यांच्या तपासणीत वाय निघाले. शस्त्रक्रियेनंतरही नोकरी राहावी म्हणून २०१७ साली त्यांनी उच्च न्यायालय गाठले. २०१८ साली मुंबईत शस्त्रक्रिया झाली. वर्दी तीच राहिली. नाव ललित झाले.